ऐनावरची आमरी

५ मे, मुठा
आली! ऐनाच्या खोडावरच्या आमरीला अखेर कळ्या आल्या. तुरा एकच. या खोऱ्यात ही जात मला दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही — आणि झाड दिवाळीनंतर तोडणार. म्हणजे याच तुऱ्याचं बी हाती लागलं तर ठीक, नाहीतर संपलं.

७ मे
जमिनीचे नवे मालक अमोघसाहेब बावधनहून अवतरले. ऐनाच्या जागी पोहण्याचा तलाव करायचाय! आमरी दाखवली तर म्हणतात, असली ऑर्किड्स आमच्या लॉबीत कुंडीत असतात. असतील ना. प्लास्टिकचीही असतात.

८ मे
आमच्या कॉलेजातल्या निरंजनचा फोन. रोप काढून कॉलेजात लावू म्हणे. मागे याच ऐनावरून दोनदा रोप नेलं, दोन्ही वेळा वाळलं — ते विसरला. फोनवर "डॉक्टर निरंजन बोलतोय" म्हणायला मात्र विसरत नाही. शहाणा!

१२ मे
फुलली. पांढरी, आत किंचित जांभळी. शिडीवर चढून काडीनं तीन फुलांना पराग लावले, बाकीची तशीच ठेवली. खाली जाईबाईनं शिडी धरली होती. हिच्याच घरी मी खोली घेऊन राहते. रोज काय बघता, म्हणून विचारत होती. आता हिला शेंग, बी, प्रयोगशाळा कुठे समजावत बसू? डोक्यावरून जाणार सगळं. फूल आवडतं मला, एवढं म्हटलं नि विषय मिटवला.

१५ मे
अमोघसाहेबांचा मेसेज — फुलाचा फोटो पाठवा, प्रोजेक्टला 'आमरी' नाव देतोय. मारायचं आणि वर पाटी लावायची! अंगाचा तिळपापड झाला. मेसेज पुसून टाकला.

१७ मे
तिन्ही फुलांचे देठ फुगलेत. धरलं! उद्या पुण्याला. शेंगा पिकल्या की दिवाळीआधी येऊन घेऊन जायच्या. मग बघते निरंजन काय बोलतो.

१८ मे
निघताना जाईबाईनं पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आणि वर तो तुरा. अख्खा, बुडापासून खुडलेला.

"तुमास्नी लई आवडतंय न्हवं? झाड तर पाडणारच हायेत. मंग म्हनलं, तुमच्या केसात तरी जाऊ दे."

एकटीच शिडी चढली होती. गुडघा सोलवटलेला. चार शब्द सांगितले असते तर हिनं त्या झाडाखाली राखण केली असती.

मी मान वाकवली. तिनं तुरा माळला.