बेचाळीस कार्डं आणि एक शिकंजा

३ मार्च, सोमवार

आज तीन सर्किट-कार्डं वाया जाता जाता वाचली. मी सोल्डर टेकवायला आणि नानांचा हात हलायला एकच वेळ! थेंब शेजारच्या पायावर. दोन पाय एकमेकांना चिकटले. परत तापव, परत उपस, परत पूस. अख्खी दुपार त्यात गेली.

सहावीत होते तेव्हापासून मी नानांसाठी, माझ्या वडिलांसाठी, कार्ड धरत आले. एका हातात कार्ड, दुसऱ्यात टॉर्च, आणि श्वास रोखून उभी. सोल्डरचा डाग ते देणार, धरायचं मी. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी म्हणाले, "मना हात आते ऐकस नही. तू बस." आम्ही खुर्च्या बदलल्या. तेव्हापासून सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात आणि कार्ड त्यांच्या. या जानेवारीपासून मात्र त्यांना धरणंही जमेना.

आणि नेमकी आत्ताच सावद्याच्या झुलालशेठची बेचाळीस कार्डं येऊन पडलीत. केळीच्या मळ्यातल्या मोटारींची, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी. सगळ्यांचा आजार एकच — रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, डाग तडकलेत. एकवीस तारखेला हवीत म्हणजे हवीत. ऊन तापलंय, केळी थांबत नाही.

४ मार्च

हितेंद्रभाऊ आला होता. चुलतभाऊ म्हणून चहा पाजला. त्याला पाडव्यापासून आमच्या दुरुस्तीच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची आहेत! नानांना म्हणाला, तुमचा हात तर गेला, आता हे चालवणार कोण? मी समोर बसलेली. हातात तापलेलं आयर्न. तरी विचारतो, कोण!

नानांनी कार्डांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाले, ही बेचाळीस कार्डं तारखेला गेली तर दुकानात रूपा बसेल. नाही गेली तर पाडव्याला किल्ली तुझी.

भाऊ हसला. हसू दे. सासर सोडून आले तेव्हाही असाच हसला होता. चार वर्षं झाली, मी अजून इथेच आहे.

भाऊ गेल्यावर नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूसना हात नही लागावा, असं काही तरी दख."

मला राग आला. म्हणजे तुम्हीही हात झटकले? बरं. बघते!

७ मार्च

मागवलेला स्टँड आला. जड बूड, दोन वाकणारे हात, टोकांना दातेरी चिमटे, वर भिंग. दिसायला झकास. कार्ड लावलं, आयर्न टेकवलं — हात हळूहळू खाली वाकले. स्क्रू आवळला, तरी वाकले. त्यात दातांनी कार्डाची तांब्याची रेघ खरवडली. ती जोडायला आणखी अर्धा तास.

भिंग तेवढं काढून ठेवलं. बाकीचा स्टँड खिडकीत. पंखा लागला की मान हलवतो.

१० मार्च

लोखंडी वाइस आणला, टेबलाला आवळायचा. आता हलून दाखव म्हटलं! हललं नाहीच. पण लोखंड सगळी ऊब पिऊन टाकतं. जबड्याजवळचे डाग राखाडी, खरबरीत. नखाने उचलला तर एक आख्खा निघून आला. आणि मी रागाच्या भरात एक पिळा जास्त दिला — कार्ड कडेला तडकलं. स्वतःच्या हाताने! त्याचं खापर नानांवर फोडता येत नाही.

अकरा झाली. एकतीस बाकी.

नाना म्हणाले, मी धरू का? धरलं. थरथर. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हटलं ते म्हटलं. एकतीस कार्डं माझ्यावर दया थोडीच करणार?

१२ मार्च

दिवसात एक कार्ड. फोनवर सारिका म्हणते, सोडून दे, पुण्याला ये, कंपनीत बस. मैत्रीण आहे म्हणून ऐकून घेतलं. मला कंपनीत नाही बसायचं. मला माझ्या खुर्चीत बसायचंय.

१४ मार्च, धुळवड

दुकान बंद. नाना ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मी हिशेब मांडत होते, उरलेले दिवस आणि उरलेली कार्डं. जुळेना. मग एकदम डोक्यात आलं — बारीक वस्तू धरायची आणि तिच्यावर विस्तव चालवायचा, हे काम या गावात माझ्याआधी कोण करतं? सोनार!

उद्या लीलाधर आबांकडे जाते. नाना दर शनिवारी त्यांच्याकडे गप्पा मारायला जातात. उद्या शनिवारच आहे, पण नानांना सांगितलं, उद्या तुम्ही दुकान बघा, मी जाते. थोडे कावरेबावरे झाले.

१५ मार्च

आबांनी आधी लाख दाखवली. काठीच्या टोकाला लाख, ती गरम करायची, दागिना तीत बसवायचा, लाख निवली की दागिना जागचा हलत नाही. मला इतकी आवडली की ते नको म्हणत असतानाच कार्ड बसवलं. घट्ट! आयर्न लावलं आणि कार्ड लाखेत बुडालं. खरवडायला तासभर. आबा खोकला येईपर्यंत हसले.

मग भिंतीवरून एक लाकडी शिकंजा काढला. अंगठी धरायचा. दोन फळ्या, मधे कडं, एका तोंडाला आतून चामडं, दुसऱ्या तोंडात पाचर ठोकायची. पाचर आत जाते, चामड्याचं तोंड आवळतं. दात नाहीत. लोखंड नाही. लाकूड ऊब पीत नाही!

फक्त तोंड अंगठीपुरतं. माझं कार्ड तळहाताएवढं.

"लई जा," आबा म्हणाले. "दखीसन मोठा बनाड."

१६ मार्च, रविवार

पुना मिस्त्रीला रविवारी उठवला. जुन्या खिडकीचं सागवान, वीतभर तोंड. खालून टेबलाला दोन स्क्रू. चामड्यासाठी काही मिळेना. नाना आत गेले आणि आपली जुनी कोल्हापुरी घेऊन आले. माझ्यापुढे ठेवली. मीच कापली.

पाचर ठोकली. कार्डाला बोटाने ढकललं. ढिम्म! माझे दोन्ही हात रिकामे. एकात आयर्न, एकात सोल्डरची तार. धरायला कोणी नाही, श्वास रोखायला कोणी नाही. संध्याकाळपर्यंत सात कार्डं. डाग असे चकचकीत की हितेंद्रभाऊने त्यात भांग पाडावा.

१९ मार्च

अडतीस.

२० मार्च

बेचाळीस! एकेक लावून पाहिलं. रिलेचा टक् आवाज बेचाळीस वेळा ऐकला. तडकलेलं कार्ड सगळ्यात जास्त वेळ तपासलं.

२१ मार्च, शुक्रवार

झुलालशेठ स्वतः आले. भाऊही आला, किल्ली मिळेल म्हणून. शेठनी एक कार्ड उजेडात धरलं, म्हणाले, नानांचा हात लपत नाही! मी तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, "मी हातबी लावा नही. बठ्ठं रूपानं शे."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या खेपेचं माझ्याशी बोलले. माझ्याशी! नानांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. भाऊ चहा न घेता गेला. मी आग्रह केला नाही.

२४ मार्च, सोमवार

आबांचा शिकंजा परत द्यायला गेले. समोर नथ. एवढेसे मोती, केसासारखी तार. सुंदर ओवलेत म्हटलं. आबा म्हणाले, "मी कुठे? दोन वरीस व्हयनात, माले बारीक दखास नही. मोती तुना बापच ओवस, दर शनवारले. हात जराबी हालस नही त्याना."

दुकानात आले. नाना चहा पीत होते. मला पाहिलं आणि हात थरथरला, कप बशीवर वाजला. मी रुमाल पुढे केला. "जपून, नाना," म्हटलं.