दुसऱ्या वळणावरचं सरकारमान्य विश्रांतिगृह

१२ नोव्हेंबर १९६१, पोलादपूर
बांधकाम खात्याशी करार झाला! महाबळेश्वरला जाणाऱ्या टूरिस्टांसाठी घाटात विश्रांतिगृह. जागा आणि इमारत माझी. नळाचं पाणी आणि मोटारी थांबायला सपाटी सरकारची. मुंबईत हॉटेलात काढलेली वर्षं कामी आली. जागा म्हणजे दुसऱ्या वळणावरचं आमचं खाचर. काय व्ह्यू!

२० नोव्हेंबर
बायको चिडली. घरचं वर्षाचं भात तेवढ्याच खाचरात पिकतं म्हणे. म्हटलं, पुढच्या वर्षी बासमती खाऊ. मुरूम टाकायला सुरुवात. ही बांधावर बसून राहिली. बसू दे.

८ जानेवारी १९६२
भिंती उभ्या. ओव्हरसियरना पाण्याचं विचारलं. म्हणाले, आधी इमारत पुरी करा, नळ मग. पाण्याशिवाय गिलावा कसा करू, असं विचारल्यावर त्यांनी ते लिहून घेतलं. सज्जन माणूस. पाणी सध्या हीच झऱ्यावरून डोक्यावर आणते. तात्पुरतं.

१७ एप्रिल
उद्घाटन. साहेब भागीदारीवर छान बोलले. पाणी स्वतःच्या थर्मासमधलं प्यायले.

२३ एप्रिल
सीझन जोरात. गाड्या येतात, हॉर्न देतात, जातात. मी हात करतो. आतली मंडळीही हात हलवतात. लोक प्रेमळ आहेत.

२६ एप्रिल
पायथ्याशी देवीच्या घुमटीपाशी एस.टी.चा ड्रायव्हर मुरारी भेटला. सगळे तिथं नारळ फोडतात, इंजिनात पाणी ओततात, येसूबाईच्या झोपडीत चहा पितात. माझ्याकडे थांबत जा म्हटलं. म्हणाला, "नारळ फोडला का माथ्यापर्यंत गाडी उभी करायची नाय. तुमाला ठाव नाय काय?"
लहानपणापासून ठाऊक आहे. पण टूरिस्ट शिकलेले, त्यांना कसली आलीय घुमटी, असा माझा विचार. गाडी चालवणारे इथलेच असतात, हे डोक्यातच आलं नाही.

४ मे
खात्याला कळवलं, सपाटी करा म्हणजे गाड्या थांबतील. उत्तर आलं, गाड्या थांबू लागल्या की सपाटी करू. म्हणजे तत्त्वतः आमचं एकमत आहे.

२२ मे
खात्यानं इमारत डांबराची पिंपं ठेवायला घेतली. राखणीला मलाच नेमलं. सरकार शेवटी पुढे आलं म्हणायचं. दोन्ही खोल्या फुल.

२१ जून
सगळ्यांची रोपं वीतभर झाली. आम्ही पेरलंच नाही. सकाळी ही कुदळ घेऊन अंगणातला मुरूम उकरत होती. म्हटलं, अगं, जागा आता खात्याकडे आहे. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग भात कुठं लावू?"
फार वाईट वाटलं. कुदळ घेऊन मीही उकरलं. माती काही लागली नाही. तेवढ्यात पिंपं न्यायला मुकादम आला. कुदळ ठेवली, त्याला दार उघडून दिलं.