दोन चाळीसची घंटी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

सकाळी नऊच्या गाडीने कोसमटोल्याला उतरले आणि हसूच आलं. एवढंसं स्टेशन. लाल कौलांची एक बैठी इमारत, एक फलाट, दोन कडुलिंब. तुमसरकडून येणारे रूळ फलाटाच्या टोकाला संपतात आणि तिथून पुढे नुसतं जंगल. नऊ वर्षं मोठ्या स्टेशनांवर दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. हे माझं पहिलं स्वतःचं स्टेशन. फळीवर नाव रंगवून घेतलं आहे : करुणा नंदनवार, स्टेशन मास्तर.

माणसं दोनच. रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन चिंधूकाका, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. आणि सीताबाई, फलाट झाडते, प्रवाशांसाठी माठ भरते. दिवसाला चार गाड्या. दुपारी एक ते चार स्टेशन झोपलेलं. थंडी छान आहे, शेतांत धानाची मळणी चालू आहे, भुसा उडत फलाटापर्यंत येतो.

संध्याकाळी पवनीहून बाबांचा फोन आला. खोलीत उजेड आहे का, एवढंच विचारलं. जन्मभर हातमागावर बसलेल्या माणसाला घर म्हणजे आधी उजेड. आहे म्हटलं. भरपूर आहे.

बुधवार, ४ डिसेंबर

वरच्या ऑफिसचं पत्र आलं. प्रत्येक स्टेशनाने आपला इतिहास आणि प्रवाशांसाठीच्या सोयी एका पानात लिहून पाठवायच्या. मला असली कामं आवडतात. सोयी लगेच लिहून झाल्या : तिकीट खिडकी एक, प्रतीक्षालय एक, नळ दोन, माठ एक, बाकं सहा.

इतिहासासाठी जुनी कपाटं उघडली. हे स्टेशन पूर्वी शेवटचं नव्हतं. इथून नऊ किलोमीटर आत चिंचघाटला मँगनीजची खाण होती, तिथपर्यंत गाडी जायची. खाण बंद पडली, मग रूळही उखडून नेले. त्या मार्गाचं घंटीचं यंत्र मात्र अजून माझ्या खोलीत भिंतीला आहे. चिंचघाटचा मास्तर त्यावरून घंटी वाजवून विचारायचा, गाडी सोडू का? इथल्याने यंत्राची मूठ पूर्ण फिरवून होकार दिला की गाडी निघायची.

हे मी लिहीत असताना यंत्राची घंटी वाजली. घड्याळात दोन चाळीस. चिंधूकाका बाकावरून उठले, यंत्राचं बटण एकदा दाबलं आणि परत जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, जुनं यंत्र आहे, वाजते.

बाहेर जाऊन पाहिलं. यंत्राची तार भिंतीतून बाहेर येते आणि हातभर अंतरावर तुटलेली आहे. टोकाला गंज चढला आहे.

शनिवार, ७ डिसेंबर

रोज दोन चाळीस. रोज चिंधूकाका एकदा बटण दाबतात. एक ठोका म्हणजे ‘थांबा’, हे मला नियमपुस्तकातून माहीत आहे. आज मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, कोणाला थांबवता?

त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, “मॅडम, मले माह्या आधीच्यानं सांगतलं, त्याले त्याच्या आधीच्यानं. घंटी आली का ‘थांबा’ म्हनाचं. काहून, ते नाही इचाराचं.”

दुपारी माठावर हाताचा ठसा दिसला. काळा, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. मँगनीजची धूळ अशीच असते, मऊ आणि काळी. सीताबाई म्हणाली की ती रोज पुसते. दुपारनंतर माठ रोज रिकामा असतो, हेही तिनेच सांगितलं. दुपारी एकनंतर प्रवासी तर चार वाजेपर्यंत येतच नाहीत.

मंगळवार, १० डिसेंबर

इतिहासाचं निमित्त करून भैय्याजींकडे गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, गावात सगळ्यांत मोठे, तलावाच्या पाळीला लागून घर. सुरुवातीला नळ आणि बाकांवरच बोलत राहिले. मी घंटीबद्दल विचारलं तेव्हा सुनेला आत पाठवलं.

ते सात वर्षांचे असतानाची गोष्ट. मे महिना. खाणीत हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. मालकांनी मजूर, बाया, पोरं सगळ्यांना मालाच्या उघड्या डब्यांत भरलं आणि गाडी इकडे काढली. इथल्या मास्तरने आधी होकार दिला होता. मग गाव काठ्या घेऊन स्टेशनात आलं, हैजा आमच्या घरांत नको म्हणून. भैय्याजींचे वडील सगळ्यांत पुढे होते. मास्तरने गाडी आत घ्यायला सिग्नल पाडला नाही. गाडी फलाटापासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली. मागून ढकलणाऱ्या इंजिनाचं पाणी संपत आलं तेव्हा ड्रायव्हरने इंजिन सोडवलं आणि एकटंच मागे नेलं. सात डबे तिथेच उन्हात. कोणी खाली उतरलं की काठ्या.

तीन दिवस.

“मी झाडावर चढून पाहात होतो,” भैय्याजी म्हणाले. “एक बाई हात हालवून राहिली होती. मले वाटलं, मलेच बलावते.”

तिसऱ्या दिवशी कोणी हात हलवत नव्हतं. कुठे पुरलं, किती होते, कोणालाच माहीत नाही. स्टेशनाच्या दप्तरात त्या आठवड्याची पानंच नाहीत.

परत येऊन सोयींचा कागद पुन्हा वाचला. नळ दोन, माठ एक. पुढे लिहिवेना.

गुरुवार, १२ डिसेंबर

चिंधूकाकांना आज स्पष्ट सांगितलं : माझ्या स्टेशनात यापुढे ‘थांबा’ म्हणायचं नाही. त्यांनी हात जोडले. मी ऐकलं नाही. ऐंशी वर्षं जी माणसं रोज परवानगी मागून येऊ पाहतात, त्यांना रोज नाही म्हणण्यासाठी मला सरकार पगार देत नाही.

घंटी वाजली. आम्ही दोघंही उठलो नाही. ती वाजतच राहिली, वीस मिनिटं. थांबली तेव्हा छतावरची टाकी कोरडी होती. सकाळीच भरली होती, मी स्वतः पाहिली होती. तिकीट खिडकीच्या काचेवर ठसे. लहान मुलांचेही. आणि ते आतल्या बाजूने आहेत.

ऑफिसला फोन केला. साहेब हसले. यंत्र काढून ठेवा म्हणाले.

शनिवार, १४ डिसेंबर

आज तुमसरला मीटिंग होती, स्टेशन चिंधूकाकांवर सोडून गेले. चारच्या गाडीने परत आले.

ते यंत्रासमोरच्या स्टुलावर बसलेले होते. बोट बटणावर. अंगात स्वेटर, कानाला मफलर. ओठ फुटून रक्त सुकलेलं, चेहऱ्याची कातडी भाजून सोललेली, जीभ काळी. डॉक्टरने पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं की हा उन्हाचा झटका आहे. डिसेंबरात, सावलीत. मग कागदावर लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू.

दोन दिवस न अडवलेल्यांना त्यांनी माझ्या मागे पुन्हा ‘थांबा’ दिला होता. मला वाचवायला दिला, की गावाला, की फक्त सवयीने, कोण सांगणार. मार्चमध्ये मुलीकडे एकोडीला जाऊन राहणार होते. तिच्या अंगणात भाजी लावायची होती त्यांना.

मी त्यांना एकटं सोडायला नको होतं.

रविवार, १५ डिसेंबर

चिंधूकाकांना अग्नी देऊन आलो. दुपारी दहा-बारा माणसं स्टेशनात आली. यंत्र फोडतो म्हणाले. मी दारात उभी राहिले. एकाने सांगितलं, मॅडम, पहिल्यासारखं ‘थांबा’ म्हना, सगळं ठीक होते. मी विचारलं, चिंधूकाकांनी काय म्हटलं होतं काल?

बदली करवून टाकू म्हणाले. करवा म्हटलं. कागद यायला आठ दिवस लागतील, तोवर हे स्टेशन माझं आहे.

मागे, माझ्या पाठीशी, घंटी वाजायला लागली. माणसं पळाली. एकाची चप्पल राहिली.

सोमवार, १६ डिसेंबर

घंटी पाऊण तास. गावातल्या चार विहिरी आटल्या. तलावाचं पाणी पाळीपासून दोन हात खाली गेलं आहे, ओल्या चिखलावर पावलं आहेत, अनवाणी, सगळी पाण्याच्या दिशेने जाणारी. परतीची नाहीत.

माझ्या घराच्या दारावर ठसे. कडीपर्यंत.

मला तहान लागते. तांब्यामागून तांब्या — पाणी घशातून उतरतं आणि लागत नाही. आरशात ओठ पाहिले. पुन्हा पाहणार नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

बाबांना फोन केला. खरं सांगितलं नाही. आवाज बसल्यासारखा वाटतो म्हणाले — घरी ये. नाही म्हटलं.

मी गेले तर पुढचा येईल. त्याला कोणीतरी शिकवेल, ‘थांबा’ म्हनाचं. तोही म्हणेल. मग तोही त्या स्टुलावर —

नाही. उद्या मी होकार देणार. भीती वाटते. वाटू दे. भीतीने एकदा काय केलं ते या गावाने पाहिलं आहे.

बुधवार, १८ डिसेंबर

दुपारी दोन. सीताबाईने पलीकडच्या गावाहून बैलगाडीवर पाण्याचे सात ड्रम आणले. मी सांगितले होते तीन. फलाटावर मांडले, पेले ठेवले. तिला घरी पाठवलं, जायला तयार नव्हती.

भैय्याजी आले आहेत. काठी टेकत, एकटे. म्हणाले, “मले पाहू द्या.” गावाकडच्या फाटकाजवळ बाकावर बसवलं.

हे मी फलाटावर बसून लिहिते आहे. गेल्या वेळी कोणी नोंद ठेवली नाही. या वेळी राहील.

२.४० — घंटी. पहिल्याच ठोक्याला उठून खोलीत गेले. मूठ पूर्ण फिरवली. होकार दिला.

घंटी थांबली. या आठवड्यात पहिल्यांदाच — लगेच थांबली.

२.५२ — जंगलात धूर. जिथे रूळ नाहीत तिथून.

ऊन वाढलं. स्वेटर काढला. फलाटाची फरशी पायाला चटके देते आहे. कडुलिंबाची पानं गळायला लागली, हिरवीच.

२.५८ — आली. इंजिन नाही. सात डबे. आवाज नाही.

उतरत आहेत. काळे, धुळीने माखलेले, बाया, माणसं, कडेवरची पोरं. मी पेला पुढे केला. या, पाणी घ्या, म्हटलं. माझा आवाज निघाला, मला आश्चर्य वाटलं.

कोणी पाण्याकडे बघत नाही.

सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. गावाकडे. आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे —

मी फाटकात येऊन उभी आहे. वही फाटकाच्या दांडीवर टेकवून. भैय्याजी माझ्या मागे उठून उभे राहिले, काठी खाली टाकली, ऐकू आली. पळत नाहीत.

मी सांगितलं, आधी पाणी. मग माझ्याशी बोला. हे स्टेशन माझं आहे. तुम्हाला आत मी घेतलं, इथून पुढे कसं जायचं तेही मी —

थांबले नाहीत. हळू येतात. उष्मा अंगावर येतो, शाई वाळते आहे लिहिता लिहिता. डोळे मिटणार नाही.

पुढे एक बाई आहे. माझ्या हातातला पेला तिच्या छातीला लागला आहे. मी मागे सरकले नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघते, भैय्याजींकडे. हात वर उचलला. तोंड उघडलं. ती विचारते आहे की त्या दिवशी तू झाडावरून नुसतं बघत का —