विरोधकाचं प्रकरण

४ जून

प्रकाशकाचा फोन. आर्थिक विचारांच्या इतिहासाची तिसरी आवृत्ती काढायची म्हणतो. "मॅडम, सगळी प्रकरणं नव्याने लिहा, हल्लीच्या मुलांना ती भाषा झेपत नाही." मी म्हटलं, सरांची तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी बघू. तर हे आतल्या खोलीतून ओरडले, "सर ठणठणीत आहेत म्हणून सांग!"

ठणठणीत! एवढं एक वाक्य ओरडून मग किती वेळ धापा टाकत बसले होते. डॉक्टरीणबाई कालच मला बाजूला घेऊन बोलली. हृदय थकलंय, औषधांवर ओढत नेऊ, म्हणाली. मला तो शब्दच आवडला नाही.

पण होकार दिला. नाही म्हटलं असतं तर बसून करणार काय हे?

६ जून

प्रकरणांची वाटणी झाली. नियम तोच, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा. ज्याला जो सिद्धांत पटत नाही त्याने तो लिहायचा. आणि असा लिहायचा की तो मानणारा माणूस वाचून म्हणाला पाहिजे – हो, मला अगदी हेच म्हणायचं होतं! भांडून भांडून दोघांचे घसे बसले तेव्हा ह्यांनीच काढलेली युक्ती.

त्यामुळे श्रममूल्य, पिळवणूक, संप – सगळं ह्यांच्याकडे. बाजार म्हटलं की ज्यांना भरतं येतं त्या माणसाकडे! महामंदी आणि सरकारने खर्च करावा म्हणणारे, तेही ह्यांच्याचकडे. आणि मुक्त बाजार, सीमांत उपयोगिता, नोटा आवरून छापा म्हणणारे चलनवाले हे माझ्या गळ्यात. कोणी काय लिहिलं ते पुस्तकात छापत नाही. मागे एकदा कामगार संघटनेचे दोघे घरी आले, संपाच्या प्रकरणाबद्दल माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून बोलले. हे दाराआड उभे राहून खुदुखुदु हसत होते.

व्यापारवाद दोघांनाही पटत नाही. सोनं साठवा, माल विका, बाहेरचं काही घेऊ नका. चिठ्ठ्या टाकल्या, ह्यांच्या वाट्याला आला. "सोपं आहे. तुझ्या आईचं चरित्र लिहून टाकतो," म्हणाले. आईचा आत्मा कुठे असेल तिथून ह्यांच्याकडे बघत असेल!

१५ जून

व्यापारवाद संपवून हे निसर्गवाद्यांवर आले. खरी संपत्ती फक्त जमिनीतून उगवते, व्यापारी आणि कारागीर सगळे वांझ, असं म्हणणारी मंडळी. बाल्कनीतल्या कुंडीत एक टोमॅटो लागलाय. तो मांडीवर घेऊन बसले होते. "हे बघ, देशाचं निव्वळ उत्पन्न!"

पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

२३ जून

माझं प्रकरण अडलंय. बाजार म्हणजे काय ते मला तोंडपाठ आहे. किंमत हा एक निरोप असतो, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशा माणसांनी एकमेकांना पाठवलेला, वगैरे. लिहिलं, वाचलं, निर्जीव. उदाहरणाला एक बेकरी घेतलीय. पाव महाग, पाव स्वस्त, बेकरी बंद. कोणाचं काय जातं त्यात!

हे म्हणाले, "मन लावून लिहीत नाहीयेस. हा नियमभंग आहे."

मन कुठून लावू? ज्या सिद्धांताने दादाला घरी बसवलं त्याची वकिली मी करायची. कागदावर तरी लिहून टाकते, बोलायची सोय नाही. माझा दादा काचकारखान्यात भट्टीवर होता. कारखाना तोट्यात गेला, तिघांची समिती नेमली, त्यात हे एक. समितीने लिहून दिलं – बंद करा. ह्यांची सही दादानेच मला दाखवली, सूचनाफलकावर. त्यानंतर दादा दोन वर्षं खिडकीशी बसला आणि गेला. रोग असा काही सापडला नाही.

त्या विषयाला आमच्या घरात नऊ वर्षं कुलूप आहे. बाकी सगळं बोलतो. चहा, औषधं, महामंदी.

५ जुलै

डॉक्टरीणबाईने पाणी मोजून द्यायला सांगितलंय. दिवसाला एवढी एक बाटली, बस्स. चहा, औषधाचा घोट, सगळं त्यातच. मी पेल्यावर पेनने रेघ मारली.

दुपारी ह्यांनी पेला हातात धरला आणि हसले. "पाणी इतकं उपयोगी, तरी स्वस्त. हिरा बिनकामाचा, तरी महाग. असं का? शंभर वर्षं भल्याभल्यांना कोडं सुटलं नाही. आणि उत्तर काय, तर शेवटच्या घोटाची किंमत बघा. आयुष्यभर फळ्यावर शिकवलं गं. आज घशाला कळलं."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. नळाखाली पातेलं भरत होतं, भरून वाहायला लागलं तरी माझं लक्ष नाही.

११ जुलै

एक घोट जास्त मागितला. दिला नाही. "तुझ्यासारखी सरकारी नियंत्रणवाली बायको शत्रूलाही मिळू नये," म्हणाले. रागावले नव्हते. मीच रागावले – कोणावर ते कळलं नाही.

२४ जुलै

ह्यांचं श्रममूल्याचं प्रकरण हातात आलं. अक्षर वाकडंतिकडं, पण खाडाखोड नाही. मध्येच एक वाक्य: "बाटलीची किंमत दुकानात ठरते असं आपल्याला वाटतं. ती त्याआधीच कोणीतरी आपल्या फुप्फुसांनी मोजलेली असते."

नळी फुंकणारा दादा डोळ्यांसमोर आला. गाल फुगलेले, कपाळावर घाम, आणि मला बघून एक डोळा मिचकावणारा. तशीच उठले, कागद घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आता हा माणूस बोलेल.

"अहो, हे पटलं तुम्हाला?"

"एक अक्षर पटलं नाही," म्हणाले. "पण तुला हेच म्हणायचं होतं ना?"

मी होय म्हटलं आणि बाहेर आले. इतका राग आला! एवढं सगळं समजतं आणि तरी पटत नाही? समजत नसतं तर मी कधीच माफ केलं असतं.

३ ऑगस्ट

वहिनी येऊन गेली. ह्यांच्या उशाशी बसली, पाय चेपून दिले. "भाऊजी, खाता का नीट?" असं लहान पोराला विचारावं तसं विचारत होती. जाताना दारात मी म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही गं? चपला घालत म्हणाली, "जाऊ द्या हो वन्सं. तेव्हा कारखाना बंद झाला म्हणून फंड तरी हातात आला. मुलींची शिक्षणं त्यातच झाली."

मी फटकन बोलले – "आणि दादा?" ती जिना उतरून गेली. मी तरी असं का बोलावं? नवरा तिचा गेलाय.

१४ ऑगस्ट

बेकरी खोडली. काचेचा कारखाना घातला.

दुसरं काही सुचेचना. आणि नियम म्हणजे नियम, लिहायचं तर त्यांच्या बाजूने सगळं लिहायचं. काचेची भट्टी विझू देता येत नाही, विझली की आतून फुटते. म्हणून तोटा होत असला तरी ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. मालकाकडे पैसे नव्हते. तो कामगारांच्या फंडात हात घालत होता. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं, समितीच्या अहवालात होतं. मी लिहिलं: "भट्टी विझवायची कोणाची छाती होत नव्हती. पण ती पेटती ठेवण्याची किंमत कोण देत होतं? तिच्यासमोर उभे होते तेच, आपल्या म्हातारपणातून."

एका बैठकीत प्रकरण पूर्ण झालं. हात दुखतोय. चांगलं झालंय, आणि तेच मला आवडलेलं नाही.

१७ ऑगस्ट

ह्यांना वाचायला दिलं. बोट ओळीखाली धरून वाचत होते, हल्ली ओळी हरवतात. त्या पानावर आले आणि थांबले. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"काचेचा कारखाना घेतलास."

"उदाहरण आहे."

"बेकरी होती ना?"

"बेकरी लंगडी पडत होती."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती. शेवटी ह्यांनी विचारलं, अगदी हळू – "पटलं म्हणून लिहिलंस?"

"नाही. नियम म्हणून."

"बरोबर," म्हणाले. "मीही तसंच लिहिलं." चष्मा काढला आणि पुसत बसले. मी पाणी विचारलं, तर नको म्हणाले, संध्याकाळच्या वाट्यातलं कशाला संपवू.

खरं तेच सांगितलं मी. तरी दिवसभर काहीतरी सांडल्यासारखं वाटतंय.

२६ ऑगस्ट

महामंदीचं प्रकरण अर्धवट. आता मला तोंडी सांगतात, मी लिहून घेते. "लोकांनी हात आखडला की सगळ्यांचीच चूल विझते, तेव्हा सरकारने उसनं काढून का होईना खर्च करावा... शिव शिव, काय काय बोलावं लागतंय या वयात!" मग दम लागला. उरलेलं उद्या.

२ सप्टेंबर

हे गेले. सकाळी, चहाच्या आधी.

१९ सप्टेंबर

वहिनी राहायला आलीय. न बोलता सगळं करते. आज तिने तो रेघ मारलेला पेला घासून पुसून ठेवला, रेघ गेली. तिला काय माहीत! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले, पाहिजे तेवढं पाणी.

७ ऑक्टोबर

महामंदीचं प्रकरण मीच पुरं केलं. हे तर माझंच मत! पाण्यासारखं वाहायला हवं होतं. अगदी मिळमिळीत झालं. ह्यांनी कुत्सितपणे सांगितलेलं पहिलं अर्धं किती जिवंत आहे.

शेवटचं प्रकरण राहिलंय – माणूस हिशेबाने वागतच नाही, सवयीने आणि भीतीने वागतो, असं म्हणणारे नवे लोक. हे कोणी लिहायचं ते ठरलंच नव्हतं. मला पटतं की नाही ते कसं कळणार? आधी हे काहीतरी बोलायचे, मग मला माझं मत समजायचं. संपूर्ण दुपार कोऱ्या कागदासमोर गेली. एकटीला मतही नसावं इतकी कशी मी रिकामी झाले!

२८ ऑक्टोबर

पुस्तक छापायला गेलं. प्रकाशक म्हणाला, सरांच्या नावाआधी 'कै.' घालायचं ना? मी फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावून हो म्हटलं.

१८ नोव्हेंबर

रजा संपली. आज कॉलेजात वर्गावर, नव्या छापील पुस्तकातून, ते बाजाराचं प्रकरण शिकवलं. भट्टी, तोटा, फंड, समिती. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांची नोकरी याच वर्षी गेलीय. म्हणाली, "मॅडम, पुस्तकातलं राहू द्या. त्या समितीत तुम्ही असता तर?"

"सही केली असती," मी म्हटलं.

मग मी काय म्हटलं ते मला ऐकू आलं.