निंबाच्या सावलीतली भिंत

बाबा, आज सांजच्या पारी मी रिसालीच्या आपल्या घराच्या भिंतीले हात लावून पायला. उलटा हात, तुमी लावत होते तसा. दिवस बुडून घंटा झाला होता, तरी भिंतीचा चटका बसला.

तुमी भिलाईच्या स्टील प्लांटच्या भट्टीवरून सेक्टरातल्या क्वार्टरले येत, आंगनात पानी मारत, आन् मंग उलट्या हातानं भिंत पाहात. निवली असंल तं खाटा बाहेर, नाई तं थांबा. मी एकदा इचारलं, सरळ हात काहून नाई लावत? तुमी म्हनलं, "तळहात भाजला तं उद्या भट्टीवर सब्बल कोन धरंल, तुहा बाप?" आई अंदरून म्हने, "बापच तं हाय तो त्याचा!" तुमी हासले नाई, पन पान्याचा एक मग जास्त मारला. त्या आंगनात दोन मोठे कडूनिंब होते, दोन क्वार्टरच्या मधात मोकळी जागा होती, हवा येत-जात होती.

मी आठवीत अडकलो, मंग एसीचं काम शिकलो. तुमाले ते काम कधी पटलं नाई. रिटायर होऊन माह्या या रिसालीच्या घरी आले तवा पयल्याच उन्हाळ्यात एसीच्या बाहेरच्या डब्यापुढे उलटा हात धरला आन् म्हनलं, "तू गरमी मारत नाई गड्या, उचलून शेजाऱ्याच्या खिडकीत टाकतं." मले लय राग आला होता. बात खरी होती, म्हनून जास्त आला. क्वार्टरमधून तुमी एकच चीज आनली, तेलाच्या डब्यातलं निंबाचं रोपटं. ते आंगनात लावलं, आन् पाहता पाहता छताच्या वर गेलं.

मंग तुमी गावी लग्नाले गेले. परत आले तं निंब नव्हता. तेथं फरशी होती, फरशीवर गाडी. मी म्हनलं, वावधन आलं, पडला.

"कोन्या बाजूनं पडला?"

"रस्त्याकडे."

"बिजलीची तार नाई तुटली?"

"नाई."

"चांगलं झालं," म्हनून तुमी पिशवी घेऊन अंदर गेले. तुमची खाट आंगनात होती, ते त्या दिवसापासून अंदर आली. दोन उन्हाळे तुमी माह्याच एसीत काढले, तोंड भिंतीकडे करून, आन् मंग गेलेच.

आता माही नात सातवीत हाय. घरात बी हिंदीच बोलते. शाळेनं काम देलं, तीन जागी थर्मामीटर टांगून पाहा, सांजच्या पारी, एकाच टायमाले. काल तिच्या मैत्रिनीले सिविक सेंटरच्या बजारात उभी केली, माह्या पोराले घरी ठेवलं, आन् आमी दोघं स्कूटरवर आपल्या जुन्या क्वार्टरच्या गल्लीत. ते म्हने, "दादाजी, प्लांट तो इधर है, इधर ही सबसे गरम निकलेगा ना?" मी म्हनलं, हो. मी तं सारी उमर गिऱ्हाइकाले हेच सांगतलं, भिलाईची गरमी म्हनजे प्लांट. सेक्टरात घुसलो आन् अंगाले थंडी हवा लागली.

तिन्ही आकडे फोनवर जुळवले. सबसे कमी क्वार्टरचा. सिविक सेंटरच्या पार्किंगचा त्याच्या वर. आन् सबसे वर आपलं आंगन. नातीनं हिशोबी मानसासारखी मुंडी हालवली. मले तं समजाले थर्मामीटर नाई लागत. आपल्या गल्लीत घरं एकमेकाले चिपकून गेले, मांगची पान्याची डबरी भरून तिच्यावर मकान झाले, जमीन सारी सिमेंटची, ते दिवसभर ऊन पेते आन् सांजले सोडते. वरून दर खिडकीत माह्याच हातानं लावलेले डबे गरम हवा फेकून राहिले, आन् ते हवा जाईल कोठं? भट्टीची गरमी तुमी भट्टीत सोडून येत होते. आमी घरीच भट्टी लावली.

वहीत शेवटचा प्रश्न होता, तुमच्या घराजवळ पयले झाड होतं काय, त्याचं काय झालं. तिनं पेन्सिल उचलली. "दादाजी, था क्या?"

"था. वावधन आया, गिर गया."

"वावधन मतलब?"

"आंधी."

तिनं लिवून टाकलं. चांगल्या अक्षरात.

उद्या ते वही जमा होनार. आता ते ट्युशनले गेली हाय, वही टेबलावरच हाय, म्हनून त्या वहीच्या मांगचंच एक पान फाडून हे लिवून राहिलो. पाठवू कोठं? बाबा, वावधन आलं नव्हतं. सावलीत गाडी लावली का पानं पडत, पाखरं घान करत, आन् मले पक्की फरशी पाहिजे होती. दोन मानसं बोलावले, एका सकाळीत काम झालं. रस्त्याकडे पडता तं तार तुटलीच असती; तारेचं तुमी इचारलं तवाच तुमाले समजलं होतं. तुमाले समजलं हे मले बी समजलं होतं.

फाटक वाजलं. आली वाटते. पयले खोडरबर शोधतो, वहीतली ते आंधी पुसाची हाय.