जप्त केलेलं जहाज

सावेडी, अहिल्यानगर
दि. २० जानेवारी २०२६

गोरक्षनाथ यास सप्रेम सलाम.

तुझ्या नावाआधी चि. लिहावं की श्री., यातच सकाळ गेली. तूही आता पन्नाशीला टेकला असशील. राजूरकडच्या शाळेतले साळवे सर आठवतात का? तोच मी. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

दिवाळीत माळ्यावरची पेटी उघडली. मुलांच्या दप्तरांतून जप्त केलेली साहसकथांची पुस्तकं तीत होती. चाचे, ज्वालामुखी, बुडालेली शहरं. तेव्हा मी त्यांना रद्दी म्हणायचो. आता दुपारभर गॅलरीत तीच वाचत बसतो. खालून स्कूटर जातात, त्यांचा आवाज हळूहळू लाटांचा होतो आणि समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांमागून एखादं शीड सरकताना दिसतं. नात शॅरन हाक मारते, तेव्हा तिकडून परत यायला मला वेळ लागतो.

त्यातल्या एका पुस्तकावर तुझं नाव होतं. शेवटची पानं फाटलेली. त्या जागी वहीची सात पानं शिवलेली, आणि त्यांवर पेन्सिलीनं तू लिहिलेला शेवट.

शाळेचे जुने शिपाई मच्छिंद्र म्हणाले, तू भंडारदऱ्याला होडी चालवतोस. मागच्या रविवारी शॅरनला घेऊन आलो. कानटोपीतला म्हातारा तू ओळखला नाहीस. पाण्यावर धुकं होतं. वल्हं मारता मारता तू शॅरनला म्हणालास, "ह्या पान्याखाली एक जहाज हाय, पोरी. त्याचा कप्तान अजून दिवा लावून बसलाय."

"कुठं वाचलंत?" तिनं विचारलं.

"वाचलं न्हाई. नववीत असताना मीच लिहिलं हुतं. सरांनी नेलं."

होडीतले सगळे हसले. मी कानटोपी आणखी खाली ओढली. बोलायचं म्हणूनच आलो होतो. काठ आला, तू हात देऊन मला उतरवलंस, तरी तोंड उघडलं नाही.

म्हणून लिहितो. ती सात पानं मी पुस्तक जप्त केलं त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत वाचली होती. तसं एक वाक्यही मला कधी जमलं नव्हतं. वर्गात येऊन त्याचाच राग तुझ्यावर काढला. सगळ्यांसमोर मारलं. "तू गुरंच वळ," म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तू आला नाहीस. लोकांना मात्र मी सांगत राहिलो, घरची अडचण असेल.

पुस्तक सोबत पाठवतोय. येत्या रविवारी एकटाच येईन. होडीत घेतलंस तर बसेन. नाही घेतलंस, तर काठावर उभा राहून माफी मागेन, चार माणसांसमोर.

तुझा अपराधी,
एलिया साळवे