तुझ्या हद्दीतलं मचाण

टॅमरॅक रोड
मंगळवार, २८ ऑक्टोबर

प्रिय अँब्रोसदादा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून लिहितेय. गंमत बघ, तुझ्या नि माझ्या घरांमध्ये एक जंगल आणि एक दलदल, एवढंच आहे. पण हे पत्र आधी पार ग्रीन बेला जाणार, तिथं शिक्का खाणार आणि मग फिरून आपल्याच रस्त्यावर तुझ्या पेटीत येऊन पडणार. बाबा असते तर म्हणाले असते, सरकारला तेवढंच काम.

तुझा गुडघा कसा आहे? मका निघाला का? परवा रस्त्यावरून जाताना तुझं कापणीचं यंत्र शेताच्या टोकाला नुसतंच उभं दिसलं. आमच्याकडे कोबी आंबवायला घातलाय, बटाटे तळघरात गेले, सफरचंदांचं पातेलं चुलीवर आहे आणि मी एक डोळा त्याच्यावर ठेवून लिहितेय. तुझा मेहुणा लॉइड बरा आहे.

आता कामाचं. तुझ्या कुंपणावर पाट्या आहेत, 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय प्रवेश नाही'. पाटी तुझी, जमीन तुझी, मी त्यावर काही म्हणत नाही. पण आम्ही आता काउंटीच्या सरकारी जंगलात शिकार करतो, अगदी तुझ्या हद्दीला लागून, आणि गोळी लागलेल्या हरणाला काही पाटी वाचता येत नाही. ते तुझ्या बाजूला पळालं तर मागावर यायची लेखी परवानगी दे, एवढंच मागणं आहे. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

तुला वाटत असेल, ही दोघं सार्वजनिक रानात काय मारणार. पहिल्या वर्षी काहीच मारलं नाही. तुझ्या ओकच्या टेकाडावर तुम्ही जसे बसायचात तसेच तिथंही जाऊन बसलो, रस्त्याजवळ, ओकची फळं पडलेली बघून. उजाडलं तर काय, चहूकडे शिकाऱ्यांचे नारिंगी कोट! जत्राच. एक जण आमच्याच झाडाखाली सँडविच खात बसला. लॉइड इतका चिडला की गाडीत जाऊन बसला. आपल्या रानात कसं होतं, तुम्ही पुरुष मोक्यावर बसायचात आणि मी नि मावसभाऊ खालून आरडत-ओरडत रान उठवायचो. मला आयुष्यात कोणी मचाणावर बसवलं नाही, 'व्हर्नाचा आवाज मोठा' म्हणून. दोन माणसांत रान कुठलं उठवणार?

मग मी हरणांचा अभ्यास सोडला आणि माणसांचा सुरू केला. गाड्या कुठे लागतात, कोण किती आत जातो, कुणाला पाय ओले करायचे नसतात. शहरातला माणूस रस्त्यापासून फार लांब जात नाही रे, कारण मारलेलं ओढून आणायचं असतं. पहाटे गाड्यांची दारं आपटायला लागली की हरणं उठतात आणि दलदलीच्या मधल्या उंचवट्याकडे सरकतात, तिथं टॅमरॅकची दाट झाडी आहे. म्हणून मी मांडीपर्यंतचे बूट घालून सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन बसते, वारा तोंडावर घेऊन. बाकीची सगळी मंडळी माझ्यासाठी रान उठवतात आणि त्यांना बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. गेल्या वर्षी मादी मारली, त्याआधी एक लहान नर. तिथं कायमचं मचाण बांधायला मनाई आहे, एक फांदीही तोडायची नाही. मी उलटी बादली घेऊन बसते.

लॉइड हल्ली गाडीतच थांबतो. थंडी सोसत नाही. बंदूक आम्ही एकच काढतो.

अजून एक. तुझे ते शिकागोचे पाहुणे, ज्यांना तू शिकारीसाठी रान भाड्यानं दिलंयस, त्यांना जरा सांगून ठेव की गोळी घालण्याआधी नीट बघा. म्हणजे सगळेच बघतात म्हणा, तरी सांग. लॉइडला सवय आहे ना, अजून सकाळी निघाला की पाय ओकच्या टेकाडाकडे वळतात. जुनी सवय, दुसरं काही नाही.

सफरचंदं खाली लागायला लागली. थांबते.

तुझी बहीण,
व्हर्ना


रविवार, २३ नोव्हेंबर
दुपार

अँब्रोसदादा,

तुझं कार्ड मिळालं. 'परवानगी आहे. अ. कोलबेक.' बहिणीला आडनाव लिहिणारा भाऊ मी पहिलाच पाहिला. तरी दिलीस हे खरं, आणि ते कार्ड मी काल कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

हे पत्र टपालानं पाठवत नाही, तेवढा वेळ नाही. शेजारची डेल्फीन लॉइडजवळ बसली आहे. लिहून झालं की तुझ्या मागच्या दाराच्या फटीतून सरकवून येईन. तू आत असलास तरी दार उघडू नकोस. आधी वाच.

काल हंगामाचा पहिला दिवस. मी लॉइडला गाडीत बसवलं, गोधड्या, कॉफी, रेडिओ दिला, झाडीत कुणी हरीण समजून नेम धरू नये म्हणून नारिंगी कोट स्वतः बटणं लावून चढवला. "कुठं जायचं नाही हं," म्हटलं. "अगं, मी काय लहान आहे?" म्हणाला. किल्ली मी बरोबर घेतली. त्याला घरी ठेवायची सोय नव्हती, कारण घरी एकटा असला की तो शेगडी पेटवतो आणि निघून जातो. तू म्हणशील, मग शिकारीला गेलीसच कशाला? वर्षातली ती एक सकाळ, दादा. त्या बादलीवर बसले की कोणी मला तोच प्रश्न पुन्हा विचारत नाही.

उजाडलं, रस्त्याकडे दारं आपटली, लांबवर दोन-तीन बार झाले. मग झाडीतून एक नर आला, चांगला शिंगाळ, मागे वळून बघत बघत, अगदी मी म्हणाले होते तसाच. पडला तिथंच. तुझ्या हद्दीत जायची वेळच आली नाही. मला इतका आनंद झाला की मी लॉइडला सांगायला नराला तिथंच टाकून तशीच पाण्यातून धावत सुटले.

गाडीचं दार उघडं होतं. कॉफी तशीच. आणि नारिंगी कोट सीटवर नीट घडी घालून ठेवलेला. सीटच्या मागे त्याचा गोठ्यातला जुना तपकिरी कोट असायचा, तो नव्हता.

बर्फावर पावलं होती. माझ्या नवऱ्याचा माग मी जनावराचा काढतात तसा काढला. डावा पाय जरा घासत होता. पण एकदाही अडखळला नव्हता, एकदाही थांबून इकडेतिकडे बघितलं नव्हतं. घरातल्या घरात तो न्हाणीघर शोधतो, दादा, आणि त्या रानात सरळ रेघ मारावी तसा गेला होता. तुझ्या दोन पाट्यांच्या मधून तारेखालून गेला होता, तारेवर कोटाचा धागा होता. परवानगी हरणासाठी होती, पण मी गेले.

तो ओकच्या टेकाडावर, त्याच्या जुन्या मचाणावर बसला होता. अंगावर कुणाचा तरी भला मोठा नारिंगी कोट. खाली झाडाला टेकून तुझा एक पाहुणा उभा, तो दातांचा डॉक्टर, नुसत्या स्वेटरवर, थंडीनं कुडकुडत. मला बघून त्याला रडूच फुटलं.

"बाई, मी बंदूक उचलली होती हो," म्हणाला. "तपकिरी काहीतरी हललं. नेम धरला होता. तेवढ्यात हे खोकले."

वरून लॉइड म्हणतो, "श्श! हळू बोला की. हरणं बुजतील."

"आजोबा केव्हापासून सांगताहेत, अँब्रोस मागून निघालाय, आता येईलच," डॉक्टर हळूच म्हणाला. "मला वाटलं मालक खरंच येताहेत. म्हणून मीही थांबलो."

त्या माणसानं आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी नंतर माझा नर दलदलीतून ओढून आणला, आमच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला टांगूनही दिला. मी त्यांना तीन वर्षं शिव्या घातल्या आहेत. तुझ्याकडून त्यांच्यासाठी एक चांगला शब्द जाऊ दे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. लॉइडची स्मरणशक्ती जातेय. वसंतात डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते तुला ठाऊक असेलच, त्यावर औषध नाही हेही. त्यानं मला शपथ घातली होती, "अँब्रोसला कळता कामा नये, कीव करेल साला." मी पाळली. मग तो ती शपथच विसरला. आणि या उन्हाळ्यात कधीतरी तो तुमचं भांडणही विसरला.

शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात, सगळ्या गावासमोर तू त्याला म्हणालास, "या जमिनीवर तू लग्नानं आलास, पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." ते त्याच्या काळजात किती खोल गेलं होतं हे मी बघितलंय. दोन वर्षं तो ते वाक्य जेवताना मधेच म्हणून दाखवायचा. आता ते त्याच्याकडे नाही. रोज सकाळी विचारतो, "अगं, अँब्रोस आला नाही इतक्यात? पत्ते खेळायला यायचा होता."

सुरुवातीला मी खरं सांगायची. मग त्याचा चेहरा लाल व्हायचा, जणू तू आत्ता या क्षणी त्याला ते बोललास. संध्याकाळी सगळं पुसून जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाव. शेवटी मी सोडून दिलं. म्हणते, मका निघायचाय त्याचा. म्हणते, गाय व्यायलीय. तुझ्याकडे या वर्षी किती गाई व्याल्या याचा हिशोब लागणार नाही.

मला तुझा राग आहे, दादा. रान भाड्यानं दिलंस त्याचा नाही. कर भरायचा असतो, छप्पर गळत असतं, तुझी अडचण मला कळत होती, मी तेव्हाही म्हणाले होते. राग त्या वाक्याचा आहे. पण आधी आम्ही दोघं मिळून रागवायचो, त्यात एक सोबत होती. आता तो तुझी वाट बघत खिडकीत बसतो आणि मी एकटीच स्वयंपाकघरात तुझ्यावर रागावलेली असते. भांडण लक्षात असणारे आपण दोघंच उरलोय. मला हे एकटीनं वाहवत नाही, खरंच नाही.

उद्या पहाटे तो पुन्हा उठून बसेल, कारण हंगाम चालू आहे एवढं त्याच्या अंगाला कळतं. डेल्फीन रोज येऊ शकत नाही. दाराला कुलूप लावते तर रडतो. मचाण काढून टाक असं मी म्हणणार नाही. ते नसलं तर तो रानभर शोधत फिरेल.

तूच ये. तुमच्या त्या मचाणावर त्याच्या शेजारी बस, बंदूक नको, थर्मास घेऊन जा. माफी मागू नकोस, ती कशाची हे त्याला कळणार नाही आणि उगाच घाबरेल. तो एवढंच विचारेल, "इतका उशीर का केलास?" तेव्हा काहीतरी सांग. गाडी चालू होत नव्हती म्हण. त्याला पटेल. तीन वर्षं मात्र म्हणू नकोस.

आणि उद्याच ये. तुझं नाव तो अजून एकदाही चुकलेला नाही. काल घरी आणल्यावर मी त्याचे बूट काढत होते, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून फार प्रेमानं म्हणाला, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो. कुणाच्या तुम्ही?"

तुझी,
व्हर्ना